विरळ हवा आणि मोहिद्दीनचाचा

मित्रांनो, मी हवा गाळणारे एक जुने यंत्र आहे. उंचीने गुडघ्याच्या थोडा वर, खाली चार चाके आणि पोटात दोन नळकांडी. त्या नळकांड्यांत पांढरे बारीक मणी भरलेले आहेत. खोलीतली हवा मी आत ओढतो, मणी तिच्यातला नायट्रोजन धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे जातो. धरलेला नायट्रोजन मी मागच्या भोकातून फुस्स करून सोडून देतो. एवढेच माझे काम. पण या एवढ्याशा कामाने मला दोनदा माणसांच्या उपयोगी पडू दिले, म्हणून आज तुमच्याशी बोलावेसे वाटले.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा मी आष्ट्याच्या एका छोट्या दवाखान्यात पोचलो. सत्तावीस दिवस मला कोणी बंद केले नाही. माझ्या नळीच्या टोकाला कधी शिक्षक असायचे, कधी भाजीवाली, कधी बाळंतीण. बरे होऊन घरी जाताना लोक माझ्या पत्र्यावर हात ठेवून जात. एका आजींनी तर मला हळदकुंकू वाहिले. मी फुगून गेलो होतो.

मग लाट ओसरली. मला जिन्याखालच्या खोलीत ढकलले गेले. माझ्यावर मोडक्या खाटा आल्या, जुन्या गाद्या आल्या. उंदराने नळी कुरतडली. तीन वर्षे मी कोणाचा श्वास ऐकला नाही.

तिथून मला बाहेर काढले ते मुजीबने. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे कॉम्प्रेसर दुरुस्तीचे वर्कशॉप आहे. सांगलीतल्या एका इस्पितळात मेंदूचे आजार पाहणाऱ्या डॉक्टर प्रांजल यांनी त्याला असे एखादे पडून असलेले यंत्र शोधायला सांगितले होते. दवाखान्याने मला आनंदाने देऊन टाकले. मुजीबने मला दुचाकीच्या मागे दोरीने आवळून बांधले आणि कुपवाडला आणले.

त्याने मला पूर्ण उघडले. मणी बदलले, पंखा धुतला, नवी नळी आणली. मी खूश होतो. पण ती नळी त्याने पुढे लावलीच नाही, माझ्या मागच्या भोकाला लावली. मी जी हवा टाकून देत होतो तीच त्याने एका मोठ्या पिशवीत साठवली, साध्या हवेत मोजून मिसळली आणि मास्कपर्यंत नेली. म्हणजे आता मी प्राणवायू कमी असलेली हवा देणार होतो. मित्रांनो, मला फार वाईट वाटले. ज्याने माणसांना श्वास पुरवला, त्यानेच आता तो विरळ करायचा?

याचे उत्तर मला मोहिद्दीनचाचा मणेर यांच्यामुळे मिळाले.

चाचा आष्ट्याचे बांगडीवाले. चाळीस वर्षे त्यांनी बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या भरल्या. पाच वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. पावले आखूड झाली, आवाज बारीक झाला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. दुकानात आता त्यांच्या पत्नी सुगराबी बांगड्या भरत आणि चाचा नुसते उभे राहून रंग दाखवत.

मुजीबने मला सांगलीच्या इस्पितळात पोचवले. तिथे पहिल्या दिवशी डॉक्टर प्रांजलनी चाचांना विचारले, "चाचा, पाचगणीचं ते पुन्हा एकदा सांगा."

चाचांचे बोलणे हळू होते. डॉक्टर थांबून राहिल्या.

"लेक हाय तिकडं, मिस्बाह. शाळेत नोकरीला हाय. तिच्याकडं पंधरा दिस ऱ्हायलो. तवा हात लय कमी हलायचा. कपातला चहा सांडला न्हाई. खाली आलो की परत हाय तसंच."

"उंचावर गेल्यावर बरं वाटतं, असं इतर रुग्णांनीही सांगितलंय. उंचावर हवा विरळ असते. थोडा वेळ प्राणवायू कमी मिळाला की शरीर स्वतःला सावरायला शिकतं, असा एक अंदाज आहे. पण तो खरा की खोटा, ते तपासायला हवं."

"मला तर पटलंय, मॅडम. दुकान इकून आमी वरच जाणार हाय ऱ्हायला."

सुगराबी बाजूच्या खुर्चीवर होत्या.  त्यांनी पदराचे टोक मुठीत धरलेले मी पाहिले.

"चाचा, दुकान विकायची घाई करू नका," डॉक्टर म्हणाल्या. "आधी हे बारा दिवस होऊ द्या."

तपासणी अशी होती. बारा सकाळी चाचांनी यायचे. पाऊण तास मास्क लावायचा. काही दिवस मी पाचगणीच्याही दुप्पट उंचीवर असते तशी विरळ हवा, पाच मिनिटे ती आणि पाच मिनिटे साधी, अशी आलटून पालटून द्यायची. काही दिवस पूर्ण वेळ साधीच हवा द्यायची. कोणत्या दिवशी कोणती, ते फक्त मुजीबला माहीत. रोज तो त्या दिवसाचा बंद लिफाफा उघडून माझ्या मागच्या पेटीतली कळ फिरवायचा, पेटीला कुलूप लावायचा आणि खोलीबाहेर जायचा. माझा आवाज दोन्ही वेळा सारखाच. चाचांना कळायचे नाही आणि डॉक्टरांनाही नाही. रोजच्या गोळ्या चालूच होत्या. चाचांच्या बोटाला चिमटा लावून पूजा सिस्टर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा पाहत, पण तो कोणाला सांगत नसत. एकदा तो ठरवलेल्या मर्यादेखाली घसरला, तेव्हा त्यांनी क्षणात मास्क काढला आणि त्या दिवशी पुन्हा लावला नाही.

पाचव्या सकाळी मास्क काढल्यावर चाचांनी दोन्ही हात समोर धरले. मग खिशातून कागदात गुंडाळलेली एक हिरवी बांगडी काढली.

"सुगरा, हात आण."

त्यांनी सुगराबींचा हात धरला, बोटे जवळ दाबली आणि बांगडी सरकवली. ती अलगद मनगटावर गेली. पूजा सिस्टर हातातले काम सोडून बघत राहिल्या. चाचांच्या डोळ्यांत पाणी होते. "बघा," ते म्हणाले, "दोन वर्षांत जमलं नव्हतं."

मित्रांनो, त्या दिवशी मी साधी हवा दिली होती. चाचांना ते माहीत नव्हते.

नवव्या दिवशी मी विरळ हवा दिली. डॉक्टरांनी विचारले, "आज कसं वाटतंय?" चाचांनी आधी डॉक्टरांच्या हातातल्या पेनाकडे पाहिले. चांगले सांगावे, असे त्यांना वाटत असणार. मग ते म्हणाले, "आज काय फरक न्हाई, मॅडम. वाईट वाटून घिऊ नका."

"खरं सांगितलंत, मला तेच हवंय," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी ते तसेच लिहून घेतले.

अशा अठरा जणांच्या तपासण्या संपल्या आणि लिफाफ्यांतल्या चिठ्ठ्या डॉक्टरांच्या हाती आल्या. डॉक्टरांनी चाचा आणि सुगराबींना समोर बसवून सगळे सांगितले. विरळ हवेने कोणाला अपाय झाला नव्हता. काही जणांना तासदोन तास थोडे हलके वाटले होते. पण एवढ्यावरून याला उपचार म्हणता येणार नव्हते. अजून जास्त माणसे आणि जास्त दिवस लागणार होते.

"तुम्हाला सात दिवस बरं वाटलं, चाचा. त्यातले चार दिवस विरळ हवा होती. तीन दिवस साधी."

"आन बांगडीचा दिवस?"

"साधी."

चाचांनी आपल्या हातांकडे पाहिले. "म्हंजे मी खोटं बोललो व्हय?"

"नाही, चाचा. तुम्हाला बरं वाटलं ते खरंच होतं. कशानं वाटलं, तेवढं आपल्याला माहीत नव्हतं."

 मग इतके दिवस गप्प राहिलेल्या सुगराबी बोलल्या.

"आवं, पाचगणीत मिस्बाह दोन टायम गरम वाढत हुती. दुपारचं झोपू देत हुती. हितं तुमी सकाळपासनं दुकानात उभं. दुपारी दुकान बंद ठिवू की आपण. त्याला गाव कशाला सोडायचं?"

"तुला जायचंच नव्हतं?"

"न्हाई."

"मग आधी का न्हाई बोललीस?"

"तुमाला बरं वाटत हुतं. कसं बोलू?"

चाचांनी मान डोलवली. दुकान विकले गेले नाही. दुपारी एक ते चार ते बंद असते, असे मुजीब सांगत होता. चाचांचा हात अजून थरथरतो. एखाद्या दिवशी कमी, एखाद्या दिवशी जास्त.

गेल्या सोमवारी साठ जणांची मोठी तपासणी सुरू झाली. चाचा पहिल्याच बाकावर होते. शेजारी जत तालुक्यातले दादासो होते, उभा जन्म मेंढरांमागे चाललेले. आता त्यांचे पाऊल जागच्या जागी अडते. माझ्याकडे घाबरून बघत त्यांनी विचारले, "कशी असती वो ह्याची हवा?"

"कंची येती ते आपल्याला कळत न्हाई," चाचा म्हणाले. "कसं वाटलं तेवढं मातर खरं सांगायचं. ह्यात आपलं काम तेवढंच हाय, पण ते दुसऱ्या कुणाला करता येत न्हाई."

मित्रांनो, मला जिन्याखालून उचलणाऱ्या मुजीबचे, थांबून ऐकणाऱ्या डॉक्टरांचे आणि खरे सांगणाऱ्या चाचांचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी औषध आहे की नाही, ते मला अजून माहीत नाही. म्हणून कोणी घरी असला प्रयोग करू नका. पण तुमच्या घरात कोणी असे हळू बोलणारे माणूस असेल, तर त्याचे वाक्य मध्येच पुरे करू नका. त्याचे त्याला बोलू द्या. त्याला काय वाटते, ते फक्त त्यालाच माहीत असते.