सगळ्यांच्या मागे चालणारा

उन्हाळा लागला की दर शुक्रवारी, काम सुटल्यावर, कवळ्यांच्या कारखान्यातली मंडळी गावामागच्या शिखरावर चढून जायची. कारखाना कसला, दोन लांबट खोल्या. एकीत प्लास्टरचे साचे भरायचे, दुसरीत मेणात एकेक दात बसवायचा, आणि खिडकीशी फिरत्या चाकावर तयार कवळी घासून लखलखीत करायची. दिवसभर परक्यांचे दात बघून माना आखडायच्या. कुणीतरी कधीतरी ही टूम काढली आणि ती अंगवळणी पडून गेली.

चाकावर बसणाऱ्या माणसाला सगळे गार्ड म्हणत. आगगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड असतो ना, तसे ते डोंगरावर नेहमी सगळ्यांच्या मागे चालत. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला धाप लागली, कुणाची बाटली दगडावर राहून गेली, की मागून गार्ड येतच असत. त्यांच्या मागे कुणी राहायचं नाही, हा एक नियम. आणि दुसरा, सूर्य पलीकडच्या कड्याला टेकला की असू तिथून माघारी फिरायचं.

त्या शुक्रवारी गार्डबरोबर त्यांची बायकोही आली.

"आज सूर्य कुठून उगवला?" प्लास्टरवाला ओरडला. साचे भरणारा हा माणूस अंगाने भरलेला आणि तोंडाने त्याहून सैल. "वहिनी, तुम्ही आणि डोंगर?"

"म्हटलं, बघू तरी हे दर शुक्रवारी कुठे जातात ते," ती हसून म्हणाली.

खरं कारण तिच्या पोटात होतं. हिवाळ्यापासून गार्डना जिना चढताना मधे थांबावं लागत होतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि शांतपणे सांगितलं, की इतक्या वर्षांची चाकावरची भुकटी आत बसली आहे. ती आता निघायची नाही. चाक बंद करा, आणि आहे तेवढ्या श्वासावर भागवायला शिका. कारखान्यात कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मागे राहणं हेच ज्याचं काम, तो मागे पडला आहे हे कुणाच्या लक्षात येणार?

"सोमवारी सांगतो सगळ्यांना," गार्ड घरी म्हणाले होते. "त्याआधी एकदा वर जाऊन येतो. नेहमीसारखा. एकदा का कळलं की मग मला सांभाळत नेतील गं, पाहुण्यासारखं. ते नको."

"आणि वाटेत धाप लागली म्हणजे?"

"तू चल ना. तू माझ्या पुढे हळूहळू चाल. बायकोच हळू चालते म्हटल्यावर मला कोण काय म्हणेल?"

"म्हणजे बोलणी मी खायची."

"लग्नात कबूल केलं होतंस."

"बोलणी खायचं? कधी हो?"

ते हसले, आणि हसता हसता खोकत बसले. ती पाणी आणायला आत गेली आणि माठाशी जरा वेळ नुसतीच उभी राहिली. डोंगर चढू नका असं डॉक्टर म्हणाले नव्हते. पण यांनी ते विचारलंच नव्हतं.

म्हणून ती आज हळू चालत होती. खरं तर ती घरोघरी पडदे बसवायचं काम करायची. दिवसभर शिडीवर चढउतार. तिचे पाय त्या कारखान्यातल्या कुणाहीपेक्षा घट्ट होते. पण ती मुद्दाम थांबे, गुडघ्यावर हात ठेवी, "अगं बाई" म्हणे. मागे गार्डचा श्वास खरखरत येई, मग हळूहळू संथ होई. तो संथ झाला की ती पुढचं पाऊल टाकी. देवाला एवढंच म्हणत होती, की आजचा दिवस निभू दे.

"वहिनी," वरच्या वळणावरून प्लास्टरवाला ओरडला, "आत्ता एक मुंगी हॉर्न वाजवून पुढे गेली हो!"

"तिला म्हणावं, घरी जाऊन स्वयंपाक लाव, मी आलेच."

सगळे हसले. गार्डही हसले असावेत. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मग मेणवाली खाली धावत आली. मेणात दात बसवणारी ही मुलगी बोटांनी जितकी हलकी तितकीच मनाने. तिने वहिनींच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. "असं मागे मागे राहिलं की जास्त दमायला होतं, वहिनी. ज्याचा पाय हळू, त्याने पुढे चालायचं. सगळे तुमच्या चालीने येतील. चला."

"नको गं, मी आहे तिथे बरी आहे."

"ऐकायचंच नाही मुळी."

बायकोने गार्डकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. नाही कशासाठी म्हणणार होते?

अशी ती सर्वांत पुढे गेली आणि तिच्या नवऱ्याच्या जवळपास कुणी उरलं नाही. आता तो खरखरता श्वास तिला ऐकू येईना. मग तिने चाल आणखी सावकाश केली. अंदाजाने थांबायची, अंदाजाने निघायची. मागची मंडळी एकमेकांच्या टाचांवर येऊन अडत होती. आधी थट्टा चालली होती. मग थट्टाही बंद झाली. सूर्य कड्याच्या बराच जवळ आला होता.

"आज काही शिखर होत नाही," प्लास्टरवाला हळूच कुणालातरी म्हणाला. हळूच म्हणाला म्हणूनच तिला ते लागलं.

एका सपाट खडकाशी ती थांबली. पाय उचलावेत तर मागे ते एकटे पडतात. न उचलावेत तर कुणीच वर पोचत नाही, तेही नाहीत. एवढ्या एका गोष्टीसाठी आले होते.

खालून आवाज आला. गार्डचाच, खणखणीत. कुठून आणलं होतं एवढं अवसान, कोण जाणे.

"अगं, काय चाललंय! मी आहे मागे. तू चल. पाय उचल चांगले!"

ती तशीच उभी होती. एवढ्या चार शब्दांनंतर त्यांना काय होत असेल, ते इथे फक्त तिलाच ठाऊक होतं. बाकीचे तिच्याकडे बघत होते. मग ती वळली आणि चालायला लागली. शिडीच्या सवयीचे पाय, सुटले ते सुटलेच. मेणवालीला मागून पळावं लागलं.

"वहिनी! अहो, मग इतका वेळ काय नाटक होतं?" प्लास्टरवाला धापा टाकत हसला. चार पावलं चालला. मग त्याचं हसू कुठेतरी अडकलं. "मग हळू... हळू कोण चालत होतं?"



शिखरावर सगळे पोचले तेव्हा ऊन अजून होतं. एरवी इथे केवढा कलकलाट असायचा. आज सगळे वाऱ्यात उभे राहिले. ती वाटेकडे तोंड करून उभी होती. वाट रिकामी होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ते नाही यायचे. आपण जाऊया खाली."

गार्ड सपाट खडकापर्यंत आले होते. शर्टाचं वरचं बटण नीट लावून, हात मांडीवर ठेवून बसले होते. फोटो काढायला बसवलेल्या माणसासारखे. ओठांवर निळसर छटा होती.

"झालं ना शिखर?" त्यांनी सगळ्यांना विचारलं. आणि मग तिला, "काय दिसलं?"

"मी बघितलंच नाही."

"म्हणजे? एवढं वर जाऊन?"

"वाटेकडे बघत होते."

ते चिडले. खरोखरच चिडले. "वेडी आहेस का तू! पुन्हा कधी... ऐक. उजव्या हाताला... तळं दिसतं. ऊन तिरपं झालं ना... की त्याच्यात..."

श्वास संपला. त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून, आणि तोंड उघडून हवा शोधू लागले. छातीतली ती खरखर आता सगळ्यांनी ऐकली. मेणवालीने दोन्ही हातांनी पिशवी उराशी धरली. प्लास्टरवाला आजवर कधी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नसे, आणि ते तळं तर त्याने दर शुक्रवारी पाहिलेलं. त्याच्या केसांवर दिवसभराची पांढरी भुकटी होती. तो ओठ मिटून जमिनीकडे बघत राहिला.

ती नवऱ्याशेजारी बसली आणि तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तळव्याखाली सगळं थरथरत होतं.

"सांगा ना," ती म्हणाली. "काय असतं त्याच्यात? आम्ही थांबलोय."

खाली गावात दिवे लागायला लागले होते. कुणी हललं नाही.