कोणी हात लावायचा नाही

पाकिटात पाच कोऱ्या डिस्क होत्या. त्यातल्या तीन वाया गेल्या होत्या आणि लागणार होत्या दोन. आता एकाही चुकीची सोय उरली नव्हती.

घरातला कॉम्प्युटर महिनाभर आतून टकटक करत होता. दुरुस्तीवाल्याने खोक्याला कान लावला आणि डॉक्टरसारखी मान हलवली. "ताई, हार्ड डिस्क जाणार. आज, उद्या, कधीही. ती बदलून देतो, पण आधी रिकव्हरी डिस्क काढून ठेवा. त्या असल्या की नव्यावर सगळं पुन्हा उभं करता येतं. नसल्या तर हे खोकं भंगारात." वर पाकीट हातात ठेवत म्हणाला, "जपून हं. हल्ली या डिस्क वापरतं कोण? माझ्या खणातलं हे शेवटचं."

खोकं भंगारात जाऊन चालणार नव्हतं. सोमवारपासून तिचं मुद्रितं तपासायचं काम पुन्हा सुरू होणार होतं, तेही घरून. प्रकाशकांचा जुनाट प्रोग्राम चालायचा तो याच कॉम्प्युटरवर. तो गेला तर रोज त्यांच्या कचेरीत जाऊन बसायचं, आणि अकरा महिन्यांची छकुली पाळणाघरात. छकुली दोनदा खोकली तरी ही डॉक्टरांकडे धावायची. पाळणाघराचं नाव काढलं की विषयच बदलायची.

सासूबाई निवृत्त नर्स. त्यांनी पहिल्याच दिवशी सूत्रं हाती घेतली. "ऑपरेशन चालू असताना आत-बाहेर करायचं नाही. कोणी हात लावायचा नाही!" असं फर्मान काढून, डिस्क सुरू झाली की दार ओढून घ्यायच्या आणि बाहेर खुर्ची टाकून बसायच्या. घर चिडीचूप. आतली घरघर तेवढी ऐकू यायची. ती थांबली की दोघी आत जायच्या. पडदा काळा असायचा, पण तो तर रोजच तसा होई. कळ दाबली की उजळायचा आणि सांगायचा, डिस्क तयार होऊ शकली नाही.

दुरुस्तीवाला फोनवर एकेक उपाय सुचवत गेला. वेग कमी करा. डिस्क मऊ फडक्याने पुसा. बाकीचं सगळं बंद करा. तिने सगळं केलं. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. मग त्यानेही हात टेकले. "ताई, डिस्कच जुन्या असतील. उरलेल्या दोन टाकून बघा, जमलं तर जमलं."

"जमलं तर जमलं म्हणे!" फोन ठेवत ती म्हणाली. "माशी कुठे शिंकते ते कळल्याशिवाय मी दोन्हींना बोटसुद्धा लावणार नाही."

तिने वही काढली. छकुली जन्मल्यापासून ही वही चालू होती. पानाच्या डाव्या बाजूला छकुलीचं दूध, झोप, रडणं, वेळेसकट. गेले तीन दिवस उजव्या बाजूला कॉम्प्युटर आला होता.

"एवढं तर आम्ही अतिदक्षता विभागातसुद्धा लिहीत नव्हतो," सासूबाई चष्मा पुशीत म्हणाल्या.

"आई, हे बघा ना. पहिली डिस्क, दार लावल्यापासून पंचविसाव्या मिनिटाला घरघर थांबली. दुसरीही पंचविसाव्यालाच."

"आणि तिसरी?"

"एक्केचाळिसाव्या."

"म्हणजे काही ताळमेळ नाही."

"सोळा मिनिटं जास्त चालली. का चालली?" तिची नजर सहज डावीकडे सरकली. तिथे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'छकुली आईंची नजर चुकवून दार ढकलून आत. माऊस ओढला. रागावले.' वेळ पाहिली. डिस्क सुरू होऊन बरोबर सोळा मिनिटं झाली होती.

सोळा आणि पंचवीस. तिने बोटांवर पुन्हा मोजलं.

"आई, पोरीने हात लावला म्हणून चाललं ते!"

"काहीतरीच काय!"

"थांबा, डिस्क न घालताच बघू."

कॉम्प्युटर नुसता चालू ठेवून दोघी समोर हाताची घडी घालून बसल्या. सासूबाईंनी नाडी मोजायच्या जुन्या सवयीने मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवून घेतलं. काही वेळाने पडदा काळा झाला. दोघी ढिम्म. पंचविसावं मिनिट भरलं आणि आतला पंखा थांबला. ती महिनाभराची टकटकसुद्धा थांबली.

"अगं बाई! हा तर अख्खाच निजला!" सासूबाई उठल्याच. "आणि मी शहाणी दाराशी पहारा देत बसले!"

फोनवर दुरुस्तीवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग ओशाळून हसला. "वीज वाचवायची सोय आहे ती, ताई. कोणी हात लावला नाही की तो आपला गुपचूप पडतो. मला वाटलं डिस्क निघत असताना तरी जागा राहील. जुना आहे ना. बंद करायला सांगायचंच राहिलं बघा." कुठे जाऊन काय बदलायचं ते त्याने सांगितलं. तिने बदललं, दोनदा तपासलं, तरी तिचा जीव टांगणीलाच. तिने छकुलीला मांडीवर घेतलं आणि माऊस सरळ तिच्या पुढ्यात ठेवला.

"ओढ गं बाई, हवा तेवढा ओढ."

छकुली आधी बावरली. तेव्हाचं रागावणं आठवलं असावं. मग दोन्ही हातांनी तिने माऊस आपटायला सुरुवात केली. पंचवीस मिनिटं गेली, एक्केचाळीस गेली. घरघर चालूच. तासाभराने पहिली डिस्क बाहेर आली, आणि दिवेलागणीच्या आत दुसरी. दुरुस्तीवाल्याने सांगितल्याप्रमाणे तिने पहिली घालून कॉम्प्युटर नव्याने सुरू केला. पडद्यावर स्वच्छ अक्षरं उमटली: मूळ स्थितीत आणायचे का? तिने घाईघाईने 'नाही' दाबलं आणि मोठा श्वास सोडला.

सोमवारी छकुली घरातच असणार होती.

वही उघडून ती थबकली. "आई, 'तासभर माऊस आपटला' हे कुठल्या बाजूला लिहू?"

"मधोमध लिही," सासूबाई म्हणाल्या, "आणि ते 'रागावले' खोड आधी."