अंगठ्यावरची रेघ

महिपतीच्या हाताने आवळलेला नट पुन्हा ढिला व्हायचा नाही, हे गडबपासून नागोठण्यापर्यंत कुणीही सांगितलं असतं. हायवेला लागून त्याचं पत्र्याचं गॅरेज. ट्रॅक्टर, टिलर, पाण्याच्या मोटारी, आणि कधी एखाद्या अडलेल्या मुंबईकराची गाडीसुद्धा. घरची भातशेती होती, पण ती बायको बायजा बघायची. महिपतीचा जीव पान्यात. नट किती आवळायचा असं विचारलं की तो म्हणायचा, "हाताला कळतं." म्हणजे काय, ते त्याने कधी कुणाला फोड करून सांगितलं नाही. सुशीललाही नाही. पोराच्या हातावर हात ठेवून पाना फिरवायचा, नेमका एका जागी थांबायचा आणि विचारायचा, "कळलं?" सुशील मान डोलवायचा. कळलेलं काहीच नसायचं. पुढे कळायला लागलं.

या सुशीलला विमानाचा मेकॅनिक व्हायचं खूळ लागलं, तेव्हा तो तिशीला टेकला होता. पदरी दिशा ही वर्षाची मुलगी, रोह्याला केमिकल कंपनीत कायमची नोकरी. लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. विमान काय गडबला उतरणार आहे काय, असंही एकजण म्हणाला. सुशीलने नोकरी सोडली नाही आणि खूळही सोडलं नाही. कंपनीतली रात्रपाळी सुटली की मोटरसायकलवर टांग, घरी अंघोळ आणि चार घास, की पुढे पनवेलच्याही पलीकडे विमानदुरुस्ती शिकवणाऱ्या संस्थेत दुपारचा वर्ग. अभ्यास कधी करायचा? तर अष्टमीच्या पुलाजवळच्या टपरीवर, चहा गार होईपर्यंत. तीन वर्षं त्याच्या बायकोने, सुरभीने, नवऱ्याला धड जागा असा पाहिलाच नाही. "माझं लग्न एका घोरणाऱ्या माणसाशी लागलंय," असं ती हसत सांगायची. नेहमीच हसत सांगायची असंही नाही.

संस्थेतल्या हर्षद सरांनी पहिल्याच महिन्यात शिकवलेली एक गोष्ट सुशील घरी घेऊन आला. नट बरोबर आवळून झाला की त्याच्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट नंतर जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. तपासणाऱ्याने पाना लावायचा नाही, नुसतं बघायचं. रेघ सरळ तर नट जागच्या जागी.

"म्हंजे हातावर भरवसा नाय तुमच्या विमानवाल्यांचा," महिपती म्हणाला.

"भरवसा हाय, बाबा. पण आभाळात गाडी बाजूला घेऊन बघता येत नाय ना."

दुसऱ्या दिवशी सुरभीची लाल नेलपॉलिश सापडेना. ती गॅरेजमध्ये सापडली, आणि एका टिलरच्या झाडून सगळ्या नटांवर लाल रेघा. मग बापलेक दोघे रेघांचं बोलत बसायचे. रेघ तुटलेली दिसली तर काय करायचं, असं महिपतीने विचारलं, तेव्हा सुशीलने सरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, "तुटलेल्या रेघेवर नवी रेघ मारायची नाय. ती फसवणूक." महिपतीला ते फार आवडलं. गिऱ्हाइकांना ऐकवायचा. माझा सुश्या सांगतो, अशी सुरुवात करून.

मग एके दिवशी वडखळच्या अलीकडे भाताच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीचं चाक निखळलं. महिपतीनेच ते आदल्या दिवशी बसवलं होतं. नशीब, कुणाला लागलं नाही. सुशीलने जाऊन बघितलं, तर नट नुसते हाताने फिरवलेले, पाना लागलेलाच नव्हता, आणि वरून लाल रेघा मात्र व्यवस्थित ओढलेल्या. पेणच्या डॉक्टरांनी डोक्याचे फोटोबिटो काढून सांगितलं की हा विसरभोळेपणा वयाचा नाही, आजार आहे, आणि तो वाढत जाणार. गॅरेजचं शटर खाली आलं ते आलंच.

घरात आता सुशीलने रेघा ओढल्या. गॅसच्या बटणावर, मोटारीच्या स्टार्टरवर, मागच्या दाराच्या कडीवर. रेघ जुळली की बंद. महिपतीला ही भाषा कळायची. गॅस चालू की बंद हे त्याला आठवत नसे, पण वाकून रेघ बघे आणि म्हणे, "जुळलीय." माणसांची नावं चालली, वार गेले, जेवलो की नाही तेही गेलं. रेघेचं तेवढं टिकलं.

अशात संस्थेतून शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्याचं बोलावणं आलं. दीड महिना नागपूरला, खऱ्या हँगरमध्ये, खऱ्या विमानावर काम. मध्ये सुट्टी नाही. चुकवलं तर पुन्हा वर्षभर थांबा. कंपनीने रजा दिली होती, पण सुशीलचा पाय निघेना. त्या आठवड्यात महिपतीने त्याला दोनदा विचारलं होतं, "कोण पायजे?" दीड महिन्याने परत येईपर्यंत बापाच्या डोक्यात आपण उरलेले असू का, एवढा एकच प्रश्न त्याला खात होता. त्याने नाही जायचं असं ठरवलं आणि बायजाला तसं सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महिपती चहा पिताना एकदम जाग्यावर आला. असे तास यायचे, अधूनमधून.

"मी तुला वळखलं नाय म्हणं."

"कोण म्हणालं?"

"दिशा म्हणाली. पोर खोटं बोलत नाय." त्याने कप खाली ठेवला. "तू जा नागपूरला. माझ्यापायी थांबू नको. मी काय, हितंच हाय."

"नंतर जाईन, बाबा."

"नंतर मी तुला जा म्हणायला असंन का? गो सुरभी, ती तुझी बाटली आण."

सुरभीने नेलपॉलिश आणली. महिपतीने आपल्या डाव्या हाताचा अंगठा सुशीलच्या डाव्या अंगठ्याला चिकटवला, नखाला नख लावून.

"मार रेघ. दोन्हीवरनं. आलास की जुळवून बघीन. जुळली की तू."

बाटली सुरभीच्याच हातात होती, रेघ तिने मारली. बरोबर मधोमध, आडवी, एका नखावरून दुसऱ्या नखावर. चार वर्षांच्या दिशाने फुंकर मारून ती वाळवली. दोघांनी अंगठे वेगळे केले, पुन्हा जुळवले. रेघ सरळ. महिपती इतका हसला की बायजाने डोळ्यांना पदर लावला. सुशील नागपूरला गेला.

नागपूरहून तो रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायचा. महिपती पडद्यावरच्या तोंडाकडे बघायचाच नाही. "अंगठा," म्हणायचा. सुशील अंगठा कॅमेऱ्यापुढे धरायचा, महिपती आपला धरायचा, आणि म्हणायचा, "हाय. हाय." मग सुरभी बाकीचं सांगायची. बाबा अंघोळीला अंगठ्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून घेतात. नख कापू देत नाहीत. परवा आईंनी कापायला हात धरला तर अंगावर ओरडले, जन्मात ओरडले नव्हते असे. सुशील फोन ठेवायचा आणि हँगरच्या बाहेर जाऊन थोडा वेळ उभा राहायचा.

काम त्याला छान जमत होतं. तिथले मोठे मेकॅनिक म्हणायचे, याचा हात तयार आहे. पाचव्या आठवड्यात काही बारीक स्क्रू ग्रीस विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये धुवायचे होते. हातमोजे घालायचेच असा नियम. पण मोज्यातून आटे कळेनात, स्क्रू निसटायला लागला, आणि सुशीलने डावा मोजा काढला. बापाची सवय. हाताला कळतं. कळलंही, काम फक्कड झालं. हात पुसताना बघितलं, तर नख कोरं. रेघेचा मागमूस नाही.

कामावरून सुटल्या सुटल्या त्याने बाजार गाठला. चार दुकानं फिरून तोच लाल रंग घेतला, आणि खोलीवर येऊन, श्वास रोखून, नखाच्या बरोबर मधोमध रेघ मारली. सुरभीने मारली होती तशी, तितकीच बारीक. तासाभराने कॉल केला. महिपतीने अंगठा बघितला. "हाय," म्हणाला. सुशीलचा जीव भांड्यात पडला. तीन वर्षं तपासणी शिकलेल्या माणसाला त्या वेळी एक साधी गोष्ट सुचली नाही, आणि ती त्याला पुढे आयुष्यभर पुरली.

शेवटच्या आठवड्यात तो पास झाला. कागद हातात आला. थेट पनवेल, तिथून एसटी, आणि दुपारी तीनच्या सुमाराला तो गडबला उतरला. पाठीवर बॅग, बॅगेत बापासाठी हँगरमधल्या माणसांनी दिलेली टोपी, तिच्यावर विमान.

महिपती ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसला होता. डावा अंगठा वर काढून, बाकीच्या बोटांनी. बायजा आतून धावत आली.

"अवो, सुशील आला. आपला सुशील."

महिपतीने वर बघितलं. डोळ्यांत काहीच हललं नाही. सुशीलला ते अपेक्षित होतं, तरी बसायचा तो धक्का बसलाच. पण त्याच्याकडे रेघ होती. तो बापाच्या पुढ्यात बसला आणि त्याने अंगठा पुढे केला.

महिपतीचा चेहरा उजळला. शेंग टाकून त्याने हात धोतराला पुसला आणि आपला अंगठा त्याच्या अंगठ्याशी नेला. नखाला नख लावलं. वाकून बघितलं.

महिपतीची रेघ नखाच्या टोकाजवळ आली होती. कडेचे टवके उडालेली, फिकट, पण शाबूत. दीड महिन्यात नख वाढलं होतं आणि रेघ नखाबरोबर पुढे सरकली होती. सुशीलची नवी, ठसठशीत रेघ मधोमध. दोन रेघांत चांगलं दोन दाणे तांदूळ मावतील एवढं अंतर.

महिपतीने अंगठे सोडवले, पुन्हा जुळवले. तिसऱ्यांदा जुळवले. मग त्याने आपला हात काढून घेतला.

"नाय," तो म्हणाला. "फिरलाय."

"बाबा, नख वाढलं तुमचं. माझी पुसली गेली होती, मी परत मारली."

"परत मारली?" महिपती त्याच्यापासून जरा मागे सरकला.

सुरभी आतून बाटली घेऊन आली. तिला सगळं एका नजरेत कळलं होतं. "बाबा, द्या हात. दोन्हीवर नवीन मारते मी. त्या दिवशी मीच मारली होती ना?"

महिपतीने मूठ मिटली. अंगठा आत घेऊन, घट्ट.

"तुटलेल्या रेघेवर नवी रेघ मारायची नाय," तो तिला समजुतीच्या सुरात म्हणाला. "ती फसवणूक. माझा सुश्या सांगतो."

सुशीलला वाटलं, ओरडावं, मीच तो, मीच तुम्हाला ते सांगितलं, त्या गॅरेजमध्ये, टिलरशेजारी बसून. गदागदा हलवावं या माणसाला. पण हलवून काय जागेवर बसणार होतं? बापाने सगळं जपलं होतं, शिकवलेला शब्द न् शब्द, आणि तपासणीही बिनचूक केली होती. चुकला होता तो शिकवणारा. सुशीलला रडू आलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

महिपती अवघडला. दारी आलेला माणूस रडतोय, हे त्याला बघवेना. "बसा," तो म्हणाला. "पाणी घ्या. बायजा, चहा टाक गो पावण्याला." मग जरा पुढे सरकून, हळू आवाजात, "तुम्ही कुठले?"

तुम्ही. जन्मभर अरे-तुरे केलेल्या बापाच्या तोंडून. सुशीलने बाहीने तोंड पुसलं.

"हितलाच. पेणकडचा."

"कामाला कुठं?"

"विमानाचं काम करतो. नागपूरला होतो."

"मग आमच्या सुश्याला वळखत असाल!"

सुरभी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सुशीलने एक शेंग उचलली, सोलली, दाणे टोपलीत टाकले.

"वळखतो."

"जेवतो का वेळंवर?"

"जेवतो."

"त्याचा हात चांगला हाय," महिपती म्हणाला. "मी त्याला तोंडावर कदी सांगितलं नाय. तुम्हाला सांगतो. माझ्यापेक्षा चांगला हाय." त्याने मूठ उघडली, अंगठा उन्हात धरून रेघ नीट बघितली आणि पुन्हा मिटली. "भेटला तर त्याला म्हणावं, काम टाकून घाईनं येऊ नको. मी सांभाळून ठेवलीय. आला की जुळवून बघू."

सुशीलने आपला डावा अंगठा मुठीत लपवला.

"सांगतो," तो म्हणाला.