तिची सही लागत नाही

गोळ्या बंद होऊन चौदा आठवडे झाले, तरी किल्लीवाल्याच्या रक्तात विषाणू औषधालाही सापडत नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की बिचाऱ्याला ठसका लागला. त्याची बायको कोपऱ्यात पर्स पोटाशी धरून बसली होती. दवाखान्यात येणारा पेशंटांचा सगळा गट तिला वहिनी म्हणायचा. तिला दरदरून घाम फुटला होता.

दोघांनाही एचआयव्ही. नऊ वर्षं दोघांना रोज एकेक गोळी, दोघांचीही सारखीच, एकाच कपाटातली. विषाणू दबलेला. तो किल्ल्या घासायचा, ती हॉटेलच्या चादरींना इस्त्री मारायची. दोघं भांडत-बिंडत नीट जगत होते. मग हा अभ्यास आला. नवी इंजेक्शनं घ्यायची, मग गोळ्या बंद, आणि विषाणू पुन्हा डोकं वर काढतो का ते बघायचं. एकतीस पानांच्या फॉर्मवर ‘बरे व्हाल’ असं एका ओळीतही नव्हतं. पण तोंडी सगळे तोच शब्द चघळत होते. फुकटचा शब्द, कुणाच्या बापाचं काय जातंय!

किल्लीवाल्याला मात्र तो शब्दच हवा होता. त्याचा सख्खा भाऊ अजून त्याचा कप वेगळा ठेवायचा.

त्यानं फॉर्मवर सही केली तेव्हा वहिनी डॉक्टरांना म्हणाली होती, “साहेब, पहिल्यांदा हे आजारी पडले तेव्हा अडतीस किलोचे झाले होते. तीन मजले पाठीवर घेऊन उतरलेय मी. मला विचारा ना काहीतरी.”

“जोडीदाराला लागण व्हायचा धोका असेल तरच त्याची सही घेतो. तुम्हाला आधीच लागण आहे, बाई. तुमची सही लागत नाही.”

विषय संपला. त्याच्या डब्या मोजून पिशवीत घातल्या, सील केल्या, पावती दिली. गोळ्या आपल्या ताब्यात आहेत म्हटल्यावर रक्तात औषधाचा अंश शोधायची कुणाला गरज वाटली नाही. तीच गोळी त्याच्या बायकोच्या डबीत आहे, हे एवढ्या शिकल्यासवरलेल्या माणसांच्या डोक्यात आलं नाही. बायको कुणाच्या हिशेबातच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून वहिनीनं आपली गोळी लाटण्यानं कुटून त्याच्या कॉफीत घातली. स्वतः घेतली नाही. एकाच्या गोळ्या दोघांना कशा पुरणार? आठवडाभर करू, याची हौस फिटेल, असं तिला वाटलं.

“कडू झालीये गं,” तो म्हणायचा.

“जीभ कडू झालीये तुमची. प्या गुपचूप.”

पण दर आठवड्याला तो रक्ताचा रिपोर्ट घेऊन नाचत घरी यायचा. गिऱ्हाइकांना फुकट किल्ल्या द्यायला लागला. एकदा भावाच्या घरी जाऊन, मुद्दाम भावाच्याच कपातून चहा पिऊन आला. घरी येऊन ढसाढसा रडला. त्यानंतर कुठल्या तोंडानं सांगणार?

आणि काल तिचा स्वतःचा रिपोर्ट आला. समुपदेशन करणाऱ्या ताईनं कागद तिच्यापुढे आपटला. “विषाणू लाखावर गेलाय वहिनी! गोळ्या चुकवता? नवरा बघा, आणि तुम्ही!”

आज पुढचे अकरा जण आले होते. टेबलावर अकरा डब्या. डॉक्टरांनी किल्लीवाल्याला उभं केलं. पहिल्याच खुर्चीवरच्या शिंपिणीनं विचारलं, “दादा, खरं सांगा, भीती नाही वाटली?”

“कसली भीती? वाघासारखा आहे बघ. दे ती डबी, मोकळी हो!”

शिंपिणीनं डबी पुढे सरकवली. ताईनं पिशवी उघडली.

वहिनी उठली. पर्समधून आपली रिकामी डबी काढून तिनं टेबलावर ठेवली. “थांबा. ह्यांची गोळी बंद झालीच नाही. रोज कॉफीतून घातलीये मी. माझी. बंद झाली ती माझी.”

किल्लीवाला हसला, तिची गंमत वाटून. मग त्याचं हसू तोंडावरच राहिलं. “म्हणून कडू...”

डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. “रोज? एखादा दिवस चुकला? तारखा लिहिल्यात का कुठे?” तारखा! लाखभर विषाणू घेऊन एक बाई समोर उभी होती आणि त्यांना तारखा हव्या होत्या.

शिंपिणीनं गुपचूप आपली डबी ओढून घेतली. मागून आणखी दोन हात पुढे आले.

ताईनं मान वर केली नाही. पुटपुटली, “वहिनी, उद्यापासून सुरू करू. गोळी अजून काम करेल बहुतेक. आधी रक्त तपासावं लागेल.”

घरी जाताना किल्लीवाला चार पावलं पुढे चालत होता. दारात कुलूप उघडता उघडता थांबला. “मला कळू न देता घातलीस. त्या डॉक्टरात आणि तुझ्यात फरक काय?”

“मेला असता तुम्ही,” ती एवढंच म्हणाली.

“नसतो मेलो तर? आता कधी कळणार ते मला?”

सकाळी दोघांच्या नव्या डब्या आल्या. तिनं सवयीनं कॉफी केली, कप त्याच्यापुढे ठेवला. त्यानं कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“आधी तू पी.”

ती प्यायली. कप खाली ठेवला तेव्हा त्यानं तिच्या डबीतली गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

“आता ही. माझ्यासमोर. आणि तोंड उघडून दाखव.”