वाफाभर बी

"बी दाखव, मग बोल!" रेनॉल्ड अंगणातनंच ओरडला. वर्षाचा सण, आगेराचा दिवस, नव्या भाताच्या लोंब्या देवळात न्यायच्या, आणि हा पोरगा सकाळी सकाळी आईवर तोंड टाकतोय. तारोडी गावात असं पूर्वी नव्हतं हो.

व्हेरा ओटीवर बसून लोंब्यांची पेंडी बांधत होती. पेंडी कसली, सगळं पळिंज! टरफल तेवढं, आत दाणाच नाही. भादव्याच्या उधाणाला बांध फुटला आणि खाडीचं खारं पाणी ऐन पोटरीतल्या भातात शिरलं. पूर्वी बांध फुटला की अख्खं गाव टोपल्या घेऊन धावायचं, कारण बांध सगळ्यांचा होता. आता आजूबाजूची शेतं डेब्रिज टाकून सपाट झाली, मग बांधावर मरायला कोण येतंय? साठी उलटलेली ही एकटी बाई गुडघाभर चिखलात माती टाकत राहिली, आणि दर भरतीला खाडीनं ती माती नेली.

"हाय की बी," व्हेरा म्हणाली. "घरच्या अल्तारावर, देवापुढं हाय. गेल्या वर्साच्या लोंब्या."

"त्या मूठभर?"

"घरामागं गोड्या जागेत वाफा टाकीन. वाफ्याचं बी होतं, बियाचं शेत होतं. तुज्या आज्यापासनं हेच बी हाय आपलं."

रेनॉल्ड मीरा रोडला शांती नगरात एका दुकानात कामाला. पोरगा वाईट नाही, पण पार कंटाळलाय. भराव टाकणारा गाडीवाला शेत भरू दे म्हणून त्याला रोज फोन करतोय, आणि हा रोज "हां भाई, बताता हूँ" म्हणून टाळतोय.

"ठीक हाय," तो शेवटी म्हणाला. "वाफाभर बी असंल तर एक वरीस मी गप बसतो. नसंल तर सोमवारी गाडीवाल्याला हो म्हणनार. मग रडायचं न्हाय."

"सनाच्या दिवशी असं बोलतोस. देव ऐकतोय, बाबा."

"ऐकतोय तर बांध का फुटला, आये?"

व्हेरानं पेंडीची गाठ आवळली. "ते मीपन त्याला रोज इचारते," ती म्हणाली. "अजून सांगितलं न्हाय त्यानं."

देवळात लोकांच्या पेंड्या बघाव्यात! वसईहून विकत आणलेल्या, सोन्यासारख्या, दाण्याच्या भारानं वाकलेल्या. व्हेराच्या लोंब्या तेवढ्या ताठ उभ्या, कारण वाकायला आत काही असावं लागतं ना. शेजारची मनोरमा कानाशी लागली, "अगं, माज्यातल्या दोन घे की." व्हेरानं मान हलवली. दुसऱ्याच्या शेतातलं कणीस आपलं म्हणून देवापुढं ठेवायचं? छे!

फादरांनी पाणी शिंपडत येता येता एक लोंबी चिमटीत धरून दाबली. "बाय, यात दाणा न्हाय गो."

"न्हाय, फादर. दिलं तेवढं आनलं."

फादरांनी पुन्हा एकदा पाणी शिंपडलं. व्हेराला संताप आला होता, खरं सांगायचं तर देवाचाच. पण पाठ फिरवून जाणार कुठं? मनातल्या मनात ती म्हणाली, घरी मूठभर ठेवलंयस ना, तेवढ्यावर काढते एक वरीस.

दारातच गूळ-खोबऱ्याचा वास आला. सून लॉरा घामाघूम, पण तोंडभर हसत उभी. इंद्रलोकच्या फ्लॅटमध्ये वाढलेली पोर, सासरचा हा तिचा पहिलाच आगेरा. सकाळी भांडण झालं तेव्हा ती नारळ आणायला गेली होती.

"आये, सगळं तुमी शिकवलं तसंच केलं. अल्तार पुसला. नव्या लोंब्या यायच्या आधी जुन्या उतरवल्या, उखळात कांडल्या, खिरीत घातल्या. एक दाणापन फुकट न्हाय घालवला!"

व्हेरा चौकट धरून उभी राहिली. दर आगेराला हेच तर होतं, नव्या लोंब्या वर आणि जुन्या खिरीत. यंदा नको, एवढं सुनेला सांगायचं राहून गेलं. पार राहून गेलं.

"काय झालं, आये?" लॉराचा चेहरा उतरला. रेनॉल्डनं हळूच सांगितलं, तशी पोर हमसून रडायला लागली.

"रडू नको गं," व्हेरा म्हणाली. "तुजा काय गुना? मी बोलले न्हाय." पोकळ लोंब्या तिनं अल्तारावर खोचल्या आणि पानावर येऊन बसली. जेवणाआधीची प्रार्थना तिनंच धरली. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' या ओळीपाशी ती थांबली. रेनॉल्ड खाली बघत होता. तिनं पुढची सगळी प्रार्थना म्हटली. मग खीर खाल्ली. गोड झाली होती, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सोमवारी सकाळी रेनॉल्ड शेतावर गेला तेव्हा ओहोटी होती आणि आई बांधाच्या भगदाडात चिखल थापत होती. दूर रस्त्यावर ट्रक उभे होते.

"आये, मी हो म्हनलोय त्यांना. चल घरी."

"म्हन की. मी कुठं रडतेय?"

"मग हे कशाला? पीक न्हाय, आता बीपन न्हाय."

व्हेरानं हातातला गोळा भगदाडात दाबला. "बांध घालायला बी लागत न्हाय," ती म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली. तोवर ओहोटी सरून खाडीचं पाणी भरतीला फिरलं होतं.