सांभाळायला दिलेलं प्रवाळ

युरिडिया पुन्हा प्रवाळाच्या टाकीसमोर येऊन उभी राहिली. हातात ब्रश, तोंडात पेस्टचा फेस.

"बघत राहिलं की रंग चढतो का गं?" नेरेओ स्वयंपाकघरातून ओरडला. नेरेओ तिचा मावसभाऊ. पोर्तालेस वस्तीतल्या या दोन खोल्यांच्या घरात तो तिच्याबरोबर राहायचा, आणि पंपाच्या घरघरीत झोपायची सवय त्याने नाइलाजाने लावून घेतली होती.

"टोकं कालच्यापेक्षा पांढरी आहेत."

"कालही हेच म्हणालीस."

"कालही खरंच होतं ते!"

उद्या तेओदुलोमास्तर प्रवाळ न्यायला येणार होते. ते त्यांचंच होतं.

मेक्सिको शहरातल्या प्रवाळवाल्यांत एक रीत आहे. कुणाकडे दुर्मिळ जात असली, की तो तिच्या फांद्या तोडून दोन घरी देतो. विकत नाही, भेटही नाही, सांभाळायला. इथून समुद्र डोंगरांपलीकडे, आणि टाकी कधी दगा देईल सांगता येत नाही. स्वतःचं मेलं, की दिलेल्या घरून एक फांदी परत मागायची. मास्तर शाळेत ट्रम्पेट शिकवून निवृत्त झालेले. पावसाळ्यात ते मुलीकडे केरेतारोला गेले असताना त्यांच्या गल्लीतली वीज गेली, आणि परत येऊन पाहतात तर टाकीचा नुसता रस्सा झालेला. दुसरा सांभाळणारा तिखुआनाला निघून गेला होता, टाकी मोडून. उरली फक्त युरिडियाकडची फांदी. आता ती तळहाताएवढी झाली होती.

मास्तरांचा फोन आला तेव्हा ती म्हणाली होती, "छान आहे, मास्तर." ते खोटं नव्हतं. प्रवाळ धडधाकट होतं, फक्त तपकिरी. मास्तरांकडे ते हिरवं असायचं, टोकांना जांभळं. युरिडियाच्या स्वस्तातल्या दिव्याखाली त्याचा रंग उतरला होता. असं करपल्यासारखं दिसणारं प्रवाळ मास्तरांच्या हातात द्यायचं तिच्या जिवावर आलं, आणि तिने दिवा उघडला.

दिवा म्हणजे एक काळा खोका आणि उजेड कमीजास्त करायचे दोन फिरते खटके, एक पांढऱ्या उजेडाचा, एक निळ्याचा. आत लाल आणि हिरव्या एलईडी उगीच भरल्या होत्या. त्या काढून तिथे जांभळ्या आणि गडद निळ्या बसवायच्या, एवढंच काम. पण खालचा अॅल्युमिनियमचा पत्रा सगळी उष्णता पिऊन टाकायचा आणि कथील वितळायचंच नाही. शेवटी तिने तो पत्रा मक्याच्या तोर्तिया भाजायच्या तव्यावर ठेवला, मंद आचेवर, आणि मग सोल्डरिंग केलं.

"माझ्या तव्यावर?" नेरेओ म्हणाला होता. "आता जेवणात कथील मिळणार का शिसं?"

"घासून देते."

"नको. नवा आण."

एक जांभळी एलईडी उलटी बसली आणि तिची अख्खी ओळ विझली. ती शोधून सरळ केली. दिवा लागला, पण टाकी अंधारी दिसायला लागली, संध्याकाळी पडदे ओढल्यासारखी. म्हणून युरिडियाने निळा खटका वर फिरवला, पूर्वीइतकं लख्ख दिसेपर्यंत.

उजेड मोजायचं मीटर प्रवाळवाल्यांच्या मंडळात एकच होतं, आणि ते पाळीपाळीने घरोघर फिरायचं. तेव्हा ते पुएब्लात कुणाकडे तरी होतं. युरिडिया रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत कामाला. रंगाची छटा डोळ्याने ठरवणाऱ्यांना रोज टोकणारी. पण घरी मीटरसाठी आपला नंबर लागेपर्यंत तिला धीर धरवला नाही.

टोकं फिकी पडायला लागली तेव्हा तिला वाटलं, उजेड कमी पडतोय. तिने खटका आणखी वर नेला. मग खाणं वाढवलं. मग पाणी बदललं. मग पंपाचं तोंड फिरवलं. प्रवाळ दिवसेंदिवस कागदासारखं होत गेलं.

तोंड धुऊन ती परत आली तर काचेवरची गोगलगाय खाली कुठेतरी पडली होती. ती कुठे गेली हे बघायला युरिडिया बुटक्या घडवंचीवरच्या टाकीसमोर जमिनीवर पालथी पडली, गाल फरशीला टेकवून, आणि तिला प्रवाळाची खालची बाजू दिसली. सावलीतली.

ती तपकिरी होती. दाट, जिवंत तपकिरी.

"नेरेओ!" ती तशीच ओरडली. "उपाशी नाहीये ते. भाजलंय!"

"कोण भाजलं?" तो उलथणं घेऊन धावत आला.

जांभळा उजेड माणसाच्या डोळ्याला फिका दिसतो. प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाला तो पुरेपूर लागतो, आणि अती झाला की प्रवाळ ते शेवाळच बाहेर टाकतं. हे तिला परीक्षेत विचारलं असतं तर तिने आकृतीसकट लिहिलं असतं. तिने खटका खाली आणला, दिव्याखाली मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला, आणि लगेच हात पुन्हा शिवशिवायला लागले. प्रवाळ सावलीत सरकवावं का? पाणी बदलावं का? ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

नेरेओने वाकून पाहिलं. "हे बघ, खालची फांदी ठणठणीत आहे. तेवढी तोडून दे म्हाताऱ्याला. वरचं दाखवूच नकोस. त्याला काय कळणार?"

"आणि वरचं मेलं तर?"

"तर तुझं मेलं. त्याचं जिवंत."

"माझं काहीच नाही रे त्यात," ती म्हणाली आणि तिने मास्तरांना फोन लावला.

मास्तर उद्यापर्यंत थांबले नाहीत. दुपारीच आले, हातात झाकणाची बादली. नेरेओला नुसती मान हलवून ते सरळ टाकीपाशी गेले. वाकून त्यांनी एकेक टोक न्याहाळलं. मागे युरिडिया उभी राहिली, बसली, परत उभी राहिली.

"मी रंगीत मागितलं होतं का?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"नाही, मास्तर."

"मला तपकिरी चाललं असतं. काळं चाललं असतं." त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "मुलांना मी सांगायचो, सूर लागला की ओठ हलवू नका. एक पोरगं ऐकेल तर शपथ."

"सॉरी, मास्तर."

"सॉरीचं लोणचं घाल. वाचेल का हे?"

"उजेड कमी ठेवला आणि कुणी हात लावला नाही तर वाचेल. बहुतेक." तिने त्यांच्या बादलीकडे पाहिलं. "खालची फांदी तुम्ही आज न्या. पण एक विचारू? टाकी परत भरून किती दिवस झाले?"

मास्तरांनी बादलीचं कडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "परवा मासा सोडला."

"जगला?"

त्यांनी नकाराची मान हलवली. "तुझ्या शेजारी बाकावर बसवायला हवं मला," ते म्हणाले. "मलाही रिकामी टाकी बघवत नाही."

"माझ्याकडेही नको, तुमच्याकडेही नको," युरिडिया म्हणाली. "इस्ताकाल्कोच्या क्रिसांतामावशींकडे देऊ. त्यांनी टाकीचं काहीच कधी बदललेलं नाही. अजून जुन्या ट्यूबलाइटच लावतात."

"ती बाई सांभाळायला घेतलेलं परत देताना रडते."

"रडू दे की."

मास्तर पहिल्यांदा हसले, नाकातल्या नाकात. मग बाह्या वर करून त्यांनी स्वतः हात पाण्यात घातला. फांदी कटकन तुटली. तपकिरी, करंगळीएवढी. तिला बादली फार मोठी, म्हणून युरिडियाने ती टाकीतल्याच पाण्यासकट बरणीत घातली. वरचं पांढरं प्रवाळ मच्छरदाणीखाली तसंच राहिलं, आणि निघताना युरिडियाने दिव्याकडे पाहिलंही नाही, नेरेओला मात्र बजावलं, "हात लावलास तर तुझे हात तव्यावर ठेवीन."

क्रिसांतामावशींकडे जाताना मास्तरांची जुनी गाडी त्लाल्पानच्या रस्त्यावर अडकली. पुढे कुणाची तरी मिरवणूक, मागे सगळे हॉर्न वाजवतायत. बरणी टॉवेलात गुंडाळून युरिडियाच्या मांडीवर. पाणी गार होत असेल का? फांदी उलटी पडली असेल का? तिने टॉवेलाचं टोक दोन बोटांत धरलं.

"काय बघायचंय?" मास्तर समोर बघत म्हणाले.

"काही नाही."

"मग?"

तिने टोक सोडलं. गाडी जराशी पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. टॉवेलाखाली बरणीतलं पाणी हललं, ते तिला मांडीवर कळलं.