एका वाटीची दाढी

“हे काय ठेवलं वं माह्यासमोर? दाढीचं पाणी हाय का देवाचं तीर्थ?”

मारोतरावांनी आरशाशेजारची पितळी वाटी दोन बोटांनी उचलली आणि ती चुलीच्या दिशेने धरली. गोपिकाबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. त्यांनी मानसुद्धा वळविली नाही.

“तेवढ्यातच करा. घरात पाणी नाही.”

मारोतराव हे लकडगंजातील एका लाकडाच्या वखारीत गिऱ्हाइकांना माल दाखविण्याचे काम करीत. उत्पन्न बेताचे असले तरी राहणीत त्यांनी कधी उणेपणा येऊ दिला नव्हता. दाढी करताना गडवाभर पाणी त्यांच्या उजव्या हाताशी असावे, वस्तऱ्याच्या प्रत्येक फिरवणीनंतर तो त्यात खळाळून घ्यावा, आणि शेवटी उरलेले पाणी अंगणात दूरवर भिरकावून द्यावे, हा त्यांचा लग्नापासूनचा परिपाठ होता. त्या भिरकावण्यात त्यांना घरधनीपणाचे एक अवर्णनीय समाधान लाभत असे. ते पाणी कोठून येते, हा प्रश्न त्यांच्या मनास कधी शिवला नव्हता.

त्या वर्षी उन्हाळा असा पेटला की घरातला नळ कोरडा पडला. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावरून गोपिकाबाई गुंड, म्हणजे पाण्याचा मोठा पितळी हंडा, भरून आणू लागल्या. एकुलती एक मुलगी सासरी नांदत होती. हाताखाली दुसरे कोणी नव्हते. परवा नळापाशी शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि उजवे मनगट सुजले. त्यावर हळदीचा लेप देऊन त्यांनी चिंधी बांधली आणि काल जेवताना नवऱ्याला म्हटले, “माह्या हातानं उचलत नाही. सकाळी एक गुंड तुमी आणजा.”

“बायांच्या रांगेत मी उभा राहू? लोक काय म्हणतीन?” एवढे बोलून मारोतराव आंचवायला उठले होते. चिंधीकडे त्यांनी दृष्टीही टाकली नव्हती.

आज तर दाढीही साधी नव्हती. पारशिवनीच्या एका भाऊबंदाचे सुतक कालच फिटले होते आणि त्या दिवसांत वाढलेले पांढरे खुंट गालांवर दाट उभे होते. सोमवार असल्यामुळे न्हाव्यांची दुकाने बंद होती. मारोतरावांनी संतापाने साबण फासला आणि नेहमीप्रमाणे उजवा गाल आधी घेतला. वस्तरा वाटीत खळाळायला जागा नव्हती, तरी ते खळाळत राहिले. अर्धे पाणी पाटावर सांडले, उरलेल्याचा फेसाळ चिखल झाला. डावा गाल अद्याप तसाच होता.

“आणखी आण.”

“नाही.”

“नाही म्हंजे? माठ भरला हाय न?”

“तो प्यायचा हाय. दाढीले नाही देत.”

“मंग मी असा जाऊ घराबाहेर? अर्ध्या तोंडानं?”

“जा न. मी काय धरून ठेवलं तुमाले?”

मारोतरावांच्या मस्तकात तिडीक गेली आणि त्या तिडिकीतच त्यांना एक भयंकर विचार सुचला. असेच जावे. ही बाई नवऱ्याला कशी वागविते ते सगळ्या मोहल्ल्याने उघड्या डोळ्यांनी पाहावे. त्यांनी डाव्या गालावरचा फेस पंच्याने पुसला, काळी टोपी घातली आणि छाती काढून ते रस्त्यावर आले.

कोपऱ्यावरच्या नळाशी बायांची रांग होती. शेजारची वच्छला पहिल्यांदा ओरडली.

“अवं माय! भाऊजी, हे काय जी? इकडून नवरदेव अन् तिकडून सासरा!”

रांग खदखदली. मारोतराव याच क्षणाची वाट पाहत होते. ते थांबले आणि आवाज चढवून म्हणाले, “हासू नका. आपल्या मैत्रिणीले विचारा. नवऱ्याले दाढीपुरतं पाणी देत नाही. अशी बाई हाय ते!”

आता बाया गोपिकेला नावे ठेवतील, अशी त्यांची खात्री होती. परंतु हसू मात्र एकाएकी मावळले, आणि वच्छलेने कमरेवर हात ठेवला.

“ते बिचारी देईन कुठून? इथंच आपटली ते, या दगडावर. काल एका हातानं कमरेवर गुंड घेऊन गेली, तोंडातून चू नाही काढली. त्या गुंडावर नाव तुमचं कोरलं हाय भाऊजी, कंबर तिची मोडून राहिली. तेच पाणी गालाले लावून तिले बदनाम करता काय?”

“तू माह्या घरच्या गोष्टीत बोलू नको!”

“मंग घरातलं रस्त्यावर काहून आणलं?”

मारोतराव टोपी सावरत चालते झाले. मागून कोणी तरी काही बोलले आणि पुन्हा हसू उसळले. या वेळचे हसू कोणाला उद्देशून होते, हे त्यांना न सांगताही कळले.

वखारीत सेठ गादीवरून उठूनच उभे राहिले. “मारोतराव, ये क्या है? गिऱ्हाईक पोरीच्या लग्नाच्या पलंगासाठी सागवान पाहाले येऊन राहिलं, अन् तुमी असं तोंड दाखवता?”

“सेठजी, घरी पाणी नव्हतं. त्या मडक्यातून जरासं घेतो, मागच्या बाजूला बसून…”

“ते हमालांचं प्यायचं हाय. उन्हात लाकडाच्या बल्ल्या ओढते ते लोक. त्यांचं पाणी तुमच्या गालाले देऊ? घरी जा. पुरं तोंड घेऊन या.”

भर उन्हात, खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड झाकून, मारोतराव ज्या वाटेने आले त्याच वाटेने परतले.

गोपिकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिले.

“झालं समाधान?” मारोतराव ओरडले. “हाकललं मले वखारीतून! तुह्या एका वाटीपायी!”

“माह्या वाटीपायी नाही. गुंड तिथं हाय. चार वाजता नळ येते.”

चार वाजता मारोतराव रांगेत उभे होते. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले तर रस्त्यावरून जाणाऱ्यांना डावा गाल दिसे. वळून उभे राहिले तर बाया पाहत. मधूनच त्यांनी पुढे सरकण्याचा प्रयत्न केला.

“नंबरनं या जी,” वच्छला म्हणाली. “इथं दाढी पाहून नंबर नाही भेटत.”

पाण्याची धार करंगळीएवढी होती. गुंड भरता भरता ऊन कलले. तो खांद्यावर कसा घ्यावा हे त्यांना ठाऊक नव्हते; डोक्यावर चुंबळीशिवाय तो ठरेना. पोटाशी कवटाळून ते निघाले. प्रत्येक पावलागणिक पाणी हिंदकळून धोतरावर सांडत होते, आणि प्रत्येक हिंदकळीबरोबर त्यांच्या तोंडून नकळत “अरे अरे” असा उद्गार निघत होता.

घरात आल्यावर गोपिकाबाईंनी डाव्या हाताने गुंड कलता केला. आधी डाळीत ओतले. मग तांदूळ धुतले. मग माठात घातले. मारोतराव आरशापुढे बसून गुंडाची खाली जाणारी पातळी डोळ्यांनी मोजत होते. एकदा ते “जरा हळू” असे म्हणाले देखील. गोपिकाबाईंनी ते ऐकले न ऐकलेसे केले. शेवटी गुंड पार उपडा केला तेव्हा तीच पितळी वाटी काठोकाठ भरली. ती त्यांनी नवऱ्यासमोर ठेवली.

मारोतरावांनी या खेपेस साबण थोडका लावला. वस्तऱ्याचा फेस ते जुन्या कागदाच्या तुकड्यावर पुसू लागले आणि पाते वाटीत नुसते टेकवून घेऊ लागले. डावा गाल साफ झाला तेव्हाही वाटीत निम्मे पाणी शिल्लक होते. सवयीने त्यांचा हात वाटीसह अंगणाच्या दिशेने उचलला गेला, आणि तसाच हवेत थांबला. क्षणभराने त्यांनी वाटी खाली ठेवली.

गोपिकाबाईंनी ती आपल्याकडे ओढली. चिंधी सोडली. वाळून कडक झालेली हळद त्या साबणाच्या पाण्याने त्या बोटांनी सोडवू लागल्या. पाणी पिवळे झाले. त्यावर मारोतरावांचे पांढरे केस तरंगत होते. हळद गेली आणि खालचे मनगट उघडे पडले. तिथपासून कोपरापर्यंत हात काळानिळा झाला होता आणि बोटे फुगून आली होती.

“एवढं?” मारोतराव म्हणाले.

“परवापासून हाय. आज पाहून राहिले तुमी.”

मग मारोतराव उठले. त्यांनी रिकामा गुंड उचलला.

“कुठं? नळ गेला असन आता.”

“सकाळचा नंबर लावून येतो. अन् उद्या तू दवाखान्यात चाल माह्यासंगं.”

गोपिकाबाई डाव्या हाताने चिंधी पुन्हा मनगटावर गुंडाळू लागल्या.

कोपऱ्यावर चिटपाखरू नव्हते. उद्याच्या पाण्यासाठी बायांनी आताच भांडी रांगेत लावून ठेवली होती. मारोतरावांनी आपला गुंड सर्वांच्या शेवटी टेकविला. निघाल्यावर ते थोडे थांबले, मागे वळले, आणि गुंड दोन्ही हातांनी फिरवून त्यांनी असा ठेवला की त्याच्यावर कोरलेले आपले नाव रस्त्याकडे आले.